सही तुझी, फाइल दुसऱ्याची

गेल्या जूनमधली गोष्ट. एक मुलगा आईवडिलांना घेऊन घरी आला. हातात निळी फाइल, वर कन्सल्टन्सीचं सोनेरी नाव. "मॅडम, सगळं तयार आहे, फक्त एकदा नजर टाका." मी पुण्यात बावीस वर्षं जर्मन शिकवते. एप्रिल उजाडला की अशा फायली माझ्या जेवणाच्या टेबलावर यायला लागतात. मी त्या वाचतेही, कारण शिकवलेल्या मुलांचं पुढे काय होतं याचा घोर लागून राहतो. मी मोटिव्हेशन लेटर बाहेर काढलं. मुलाला प्रवेश मिळाला होता जर्मनीतल्या केम्निट्झला. पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात मात्र दुसऱ्याच शहरातल्या, आखेनच्या प्रयोगशाळांचं कौतुक होतं. मी विचारलं, "पहिल्या सत्रात तुला कोणते विषय आहेत रे?" त्याने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "ते सगळं त्यांनीच केलंय. पंचाहत्तर हजार भरलेत आम्ही."

पंचाहत्तर हजार मोजून त्या घराने कुणा भलत्याच मुलाचं पत्र विकत घेतलं होतं.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाने आपल्या व्हिसाची फाइल आपल्या हाताने लावावी. विचारावं दहा जणांना, तपासून घ्यावं जाणत्याकडून, पण कागद गोळा करणं, अर्ज भरणं आणि पत्र लिहिणं ही तीन कामं दुसऱ्यावर सोपवू नयेत. अर्जाखाली सही त्याची असते. चुकीची माहिती दिल्यास काय होऊ शकतं, हे त्या अर्जातच छापलेलं असतं आणि ते वाचल्याचीही सही त्यालाच करावी लागते. कन्सल्टन्सीचा माणूस त्या कागदावर कुठेही नसतो.

मी जर्मनीपुरतं बोलते, कारण मला तेच नीट माहीत आहे. आणि तिथे जाणारी आपली मुलं थोडीथोडकी नाहीत. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत एकोणपन्नास हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट आता आपला आहे, चीनचा दुसरा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, हे त्याचं मोठं कारण. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४पासून याहून बरंच जास्त शुल्क सुरू केलं, हे अपवाद लक्षात ठेवा. 'जर्मनीत सगळं फुकट' असं सांगणाऱ्या माणसाने तिथपर्यंत वाचलेलं नसतं.

फाइल पहिल्याच खेपेला बिनचूक हवी, हे मी का म्हणते? पूर्वी व्हिसा नाकारला गेला तर लेखी हरकत घेता यायची. तिला 'रेमॉन्स्ट्रेशन' म्हणत. एक पत्र लिहायचं, राहिलेला कागद जोडायचा, आणि वकिलात फेरविचार करायची. त्याला वेगळं शुल्कही नव्हतं. १ जुलै २०२५पासून जर्मनीने ही सोय जगभर बंद केली. आता नकार आला तर दोनच वाटा उरतात. पुन्हा नव्याने ७५ युरो भरून अर्ज करा, नाही तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. बारामतीचा किंवा लातूरचा मुलगा बर्लिनच्या कोर्टात कधी जाणार? तो नव्याने अर्ज करतो, आणि तोवर ऑक्टोबर उलटून गेलेला असतो. सत्र गेलं, कधी कधी प्रवेशही गेला. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची ही किंमत पूर्वीही होती, आता ती दुप्पट झाली.

मी जर्मन सरकारलाही सोडणार नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांचे तेव्हाचे चान्सेलर ओलाफ शोल्त्स दिल्लीत आले. भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं त्यांच्या सरकारने जाहीर केलं. माणसं हवी आहेत हे उघड बोलायचं, आणि त्यातल्याच विद्यार्थ्याने 'माझं काय चुकलं' असं विचारायची वेळ आली की दार लावून घ्यायचं, हे न्यायाचं नाही. हरकतीची सोय बंद करायची असेल तर नकाराच्या पत्रात कारण तरी नेमकं लिहा. कोणता कागद कमी पडला, कोणतं विधान पटलं नाही, हे सांगायला दोन ओळी पुरतात.

आता नावाचं बघू. माझ्या टेबलावर आलेल्या फायलींत सर्वांत जास्त घोळ असतो तो नावाचा, आणि तो घोळ खास आपला आहे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसरा रकाना. पदवीच्या कागदावर कधी आईचं नाव मध्येच छापलेलं. आधारवर आणखी तिसरीच तऱ्हा. त्यात इंग्रजी स्पेलिंग. एका मुलीच्या वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. गुणपत्रिकेवर ते मराठी पद्धतीने 'डी-एन-वाय' असं सुरू होत होतं, पासपोर्टवर हिंदी पद्धतीने 'जी-वाय' असं. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं, कारण आपल्या तोंडी नाव एकच. जर्मन कारकुनाच्या टेबलावर ती दोन माणसं होतात. तिला वकिलाकडे जाऊन शपथपत्र करावं लागलं, शेवटी पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा लागला. त्यात नऊ आठवडे गेले. चव्हाणांच्या घरी 'एच' एकदा की दोनदा हा प्रश्न असतो, वाघांच्या घरी 'व्ही' की 'डब्ल्यू' हा. हे सगळं दहावीच्या वर्षी निस्तरलं तर एका दुपारचं काम आहे.

नाव जुळलं की एपीएस. दिल्लीच्या जर्मन दूतावासाशी जोडलेलं हे कार्यालय आपल्या गुणपत्रिका आणि पदव्या खऱ्या आहेत का ते तपासून प्रमाणपत्र देतं. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना ते बंधनकारक झालं. शुल्क १८ हजार रुपये. अनेक विद्यापीठं प्रवेशाच्या अर्जालाच हे प्रमाणपत्र मागतात, म्हणजे ते हाती यायला हवं अर्जाच्या मुदतीआधी. हिवाळी सत्राची मुदत कित्येक ठिकाणी १५ जुलै, आणि पुष्कळ अभ्यासक्रमांची त्याहून कितीतरी आधी. उन्हाळ्याच्या सुट्टीत 'बघू या' म्हणणाऱ्याचं वर्ष तिथेच संपलं.

आणि इथे आपल्या विद्यापीठांना सुनावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. निकाल उशिरा, फेरतपासणी त्याहून उशिरा, ट्रान्स्क्रिप्टसाठी खिडकीवर खेटे. पदवीचा कागद पदवीदान होईपर्यंत नाही. आठ सत्रांपैकी एका सत्राच्या गुणपत्रिकेवर चूक निघाली तर ती दुरुस्त करायला पोराने महिनाभर बस पकडून यायचं. गुण कोणत्या मापात दिले आणि उत्तीर्ण व्हायला किमान किती लागतात, हे ट्रान्स्क्रिप्टवर छापलेलं नसतं. या एका ओळीने काय बिघडतं ते सांगते. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. आपले गुण त्यांच्या मापात बसवायला एक ठरलेलं सूत्र आहे, त्यात कमाल आणि किमान दोन्ही आकडे लागतात. दहापैकी आठ मिळवणाऱ्या मुलाची उत्तीर्णतेची मर्यादा चार धरली तर त्याचे २.० होतात, पाच धरली तर २.२. चांगल्या अभ्यासक्रमाच्या दारात एवढ्या फरकाने माणूस आत किंवा बाहेर राहतो. ट्रान्स्क्रिप्ट पंधरा दिवसांत आणि गुणांच्या मापासकट मिळणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. कुलगुरूंनी तो नियम म्हणून लावावा.

पैशांकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

जर्मनीची अट साधी आहे. वर्षभर स्वतःचा खर्च भागवता येईल याचा पुरावा द्या. बहुतेक मुलं त्यासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडतात. आज त्यात ११,९०४ युरो ठेवावे लागतात. तिथे पोहोचल्यावर दर महिन्याला त्यातले ९९२ युरो मुलाच्या हाती येतात. ही रक्कम हवेतून आलेली नाही. जर्मन सरकार आपल्या गरजू विद्यार्थ्याला महिन्याला जास्तीत जास्त जेवढी मदत देतं, त्यावरून ती ठरते. म्हणूनच ती वाढत जाते. २०२३मध्ये ती ११,२०८ होती. युरोचा भाव शंभराच्या आसपास धरला तरी हे बारा लाख रुपये झाले. त्या मदतीत खोलीच्या भाड्यापोटी ३८० युरो धरलेले असतात. म्युनिकमध्ये ३८०ला खोली मिळत नाही, तेव्हा म्युनिकला जाणाऱ्याने बारा लाखांवर थांबू नये.

आता बारा लाख आणायचे कुठून? नोकरदाराच्या घरी फ्लॅट असतो, तो तारण ठेवून बँक कर्ज देते. शेतकऱ्याचा मुलगा सातबारा घेऊन बँकेत जातो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँकांना नको असते. कारण २००२च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्या कायद्याखाली बँकेला ती जप्त करून विकता येत नाही. शेतकऱ्याची जमीन सुरक्षित राहावी म्हणून केलेली ही तरतूद योग्यच आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की पाच एकर बागायत असलेल्या माणसाच्या मुलाला बँकेच्या दारातून परत यावं लागतं. "एनए प्लॉट आहे का?" असं विचारतात. नाही म्हटलं की पुढचं टोकन.

या मुलाला मग कुणीतरी भेटतं. "ब्लॉक्डचे पैसे आम्ही भरतो, तू व्हिसा मिळव." असे व्यवहार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पैसे खरेच खात्यात जातात, व्हिसाही मिळतो. मुलगा जर्मनीत उतरतो आणि दर महिन्याला हाती येणारे ९९२ युरो त्याच दिवशी परत पाठवतो, वर व्याज. राहायला, जेवायला, विम्याला त्याच्याकडे शून्य. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यालाही सरकारी आरोग्य विम्याचे महिन्याला सव्वाशे-दीडशे युरो भरावेच लागतात, तो टाळता येत नाही. मार्च २०२४पासूनच्या नियमाने युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण पहिल्या दोन महिन्यांत काम मिळत नाही, भाषा येत नसेल तर सहा महिनेही मिळत नाही. मग तो नोंद न करता काम देणाऱ्या माणसाच्या दारात उभा राहतो. जर्मनीत त्याला 'काळं काम' म्हणतात. ते पकडलं गेलं की राहण्याचा परवाना धोक्यात. रात्री पार्सलं उचलायची, सकाळी वर्गात झोपायचं, पहिल्याच परीक्षेत नापास. गावाकडे आई सांगत असते, पोरगा जर्मनीला आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याने मला पहाटे तीन वाजता फोन करून हे सगळं सांगितलं होतं. तो रडत नव्हता, नुसते आकडे सांगत होता. मला तो फोन विसरता येत नाही.

हे सावकारीच आहे, तिला कन्सल्टन्सी म्हणू नये. राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी परदेशी शिक्षणाच्या कर्जाला हमी द्यावी. सातबारा बँकेत चालत नसेल तर सरकारची हमी चालेल. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा ७५. सबंध महाराष्ट्राला ७५ म्हणजे फार थोड्या झाल्या, पण जो पात्र आहे त्याने सावकाराचा उंबरठा चढण्याआधी तिचा अर्ज भरावा. पुरेशा शिष्यवृत्तीचं पत्र असलं की ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही.

'फ्री कन्सल्टन्सी'वाल्यांबद्दल थोडंच सांगते. जर्मनीची सरकारी विद्यापीठं विद्यार्थी आणून देणाऱ्याला दलाली देत नाहीत. खासगी देतात. तुमच्याकडून एक पैसा न घेणारा माणूस तुम्हाला कोणत्या विद्यापीठाकडे नेईल, हे एवढ्यावरून कळतं. तिथे वर्षाला दहा-पंधरा हजार युरो मोजावे लागतात. बरं, पैसे गेले तर गेले, पण २०२५मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठाच्या काही भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडायच्या नोटिसा गेल्या. त्यांचा अभ्यासक्रम अर्धा ऑनलाइन आहे, तेव्हा त्यासाठी जर्मनीत राहायची गरज नाही, असं परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने ठरवलं. त्या मुलांनी फी भरली होती, घरं भाड्याने घेतली होती. अभ्यासक्रमाची शिकवणी प्रत्यक्ष वर्गात आहे की नाही, हे विद्यापीठाच्या स्वतःच्या पत्रावर लिहून घ्या.

तसंच 'अपोस्टील'चं, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून त्यावर मारायच्या शिक्क्याचं. भारत २००५मध्ये त्यासाठीच्या हेग करारात सामील झाला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवला, त्यामुळे या दोन देशांत अपोस्टील चालत नाही. कागदांची तपासणी एपीएस करतं. तरी पुण्यात दर कागदाला हजार-दोन हजार घेऊन जर्मनीसाठी अपोस्टील करून देणारे भेटतात. आणि 'आमची आत ओळख आहे' म्हणणारे तर गल्लोगल्ली. व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या खिडकीवर कागद घेतले जातात, बोटांचे ठसे घेतले जातात. निर्णय वाणिज्य दूतावासातले जर्मन अधिकारी करतात. अपॉइंटमेंटला पैसे पडत नाहीत, ती विकणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. जर्मन परराष्ट्र खात्याचं ऑनलाइन पोर्टलही आता आहे. त्यावर अर्ज आणि कागद घरबसल्या चढवता येतात. इंग्रजी समजणाऱ्या पदवीधराला त्यात अवघड काही नाही.

त्या निळ्या फायलीच्या मुलाकडे परत येते. मी त्याला म्हटलं, हे पत्र फाड. वडील दचकले. मी म्हटलं, "दादा, पैसे गेले ते गेले, पोराचं वर्ष जायला नको." आणि मुलाला चार प्रश्न दिले. हाच विषय का? हेच विद्यापीठ का? बी.ई.मध्ये केलेल्या कोणत्या कामाशी याचा संबंध आहे? शिकून झाल्यावर काय करणार? विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची अभ्यासक्रमाची पूर्ण पुस्तिका वाच आणि मगच लिही, अशी अट घातली. पाच दिवसांनी तो दीड पानाचं पत्र घेऊन आला. इंग्रजी ओबडधोबड होतं. पण त्यात त्याच्या मामाच्या वर्कशॉपमधली लेथ होती, तिसऱ्या वर्षाला केलेला प्रकल्प होता, आणि तो प्रकल्प का फसला हेही होतं. मी व्याकरण सुधारलं, वाक्यं तशीच ठेवली. पुढच्या वेळी पहिल्या सत्राचे विषय विचारले तेव्हा त्याने मान वळवली नाही.

मुलाला परक्या देशात पाठवताना तुम्ही त्याला काय काय शिकवता? भात लावायला, कपडे धुवायला. तिथे उतरल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असते, मग विमा, बँक, राहण्याचा परवाना, आणि प्रत्येक ठिकाणी जर्मन भाषेतला अर्ज. तिथे कन्सल्टन्सी नसते आणि बाबाही नसतात. जो मुलगा इथे स्वतःची फाइल लावतो, त्याला तिथल्या खिडकीची भीती वाटत नाही, हे मी बावीस वर्षं पाहते आहे.

तुमच्या घरात बारावीनंतर किंवा पदवीनंतर युरोपचं नाव निघत असेल, तर कुणालाही फोन करायच्या आधी एक काम करा. आज रात्री जेवणं झाली की मुलाचा पासपोर्ट, आधार आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका एका सतरंजीवर शेजारी शेजारी मांडा. नावातलं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचा. आणि ते मुलालाच वाचू द्या.